पान वाचणारी जाहिरात: संदर्भाधारित डिस्प्ले मोहिमांच्या नियमांची पार्श्वभूमी

२००३ साली ‘न्यूयॉर्क पोस्ट’च्या संकेतस्थळावर एका खुनाची बातमी होती. मृतदेहाचे तुकडे सूटकेसमध्ये भरल्याचा तपशील तिच्यात होता, आणि त्याच बातमीच्या शेजारी गूगलच्या यंत्रणेने निवडलेली सूटकेसची जाहिरात झळकत होती. यंत्रणेच्या हिशेबाने काहीच चुकले नव्हते. पानावरचा शब्द आणि जाहिरातीचा शब्द तंतोतंत जुळले होते. पानाच्या मजकुरानुसार दिसणाऱ्या, म्हणजेच संदर्भाधारित, जाहिरातींची मोहीम चालवणाऱ्याला आज जे सल्ले दिले जातात, त्यांतले बरेचसे अशाच फसगतींतून एकेक करून आलेले आहेत.

वेबवरील बॅनर जाहिरातींचा आरंभ साधारणतः २७ ऑक्टोबर १९९४ या दिवसापासून मानला जातो. ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळाने त्या दिवशी एटी अँड टी आदी कंपन्यांचे बॅनर दाखवले, आणि एटी अँड टीच्या बॅनरवर तो पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी क्लिक केल्याचे सांगितले जाते. वर्तमानपत्रातल्या जागेप्रमाणे ही जागाही माणसेच विकत आणि माणसेच विकत घेत, त्यामुळे जाहिरात कोणत्या मजकुराशेजारी शोभेल हा निर्णय माणसाचाच होता. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे वाचकाला पुन्हा ओळखण्यासाठी संकेतस्थळ त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, तयार केली. तिचा हेतू जाहिरातीचा नव्हता. तरीही पुढे डबलक्लिकसारख्या जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्यांनी तिच्या आधारे वाचकाचा एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माग काढण्याचा व्यवसाय उभारला. वाचकाचा माग काढायचा की पान वाचायचे, असे दोन मार्ग तेव्हापासून समांतर चालत आले.

पान वाचण्याचे काम यंत्राकडे सोपवण्यामागे ‘अप्लाइड सिमँटिक्स’ या कॅलिफोर्नियातील कंपनीचा मोठा वाटा आहे. गिलाड एल्बाझ आणि अ‍ॅडम वाइसमन यांनी १९९८ मध्ये ‘ऑइंगो’ या नावाने ती सुरू केली होती. शब्दांचे अर्थ आणि त्या अर्थांमधले नाते यांची प्रचंड जंत्री करून, ‘जावा’ हा शब्द बेटासाठी आला आहे, कॉफीसाठी की संगणकाच्या भाषेसाठी, हे सोबतच्या शब्दांवरून ओळखणे हा तिच्या तंत्राचा गाभा होता. एप्रिल २००३ मध्ये गूगलने ही कंपनी सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना घेतली, आणि तिच्याच एका उत्पादनाचे ‘अ‍ॅडसेन्स’ हे नाव त्या वर्षीच्या जूनमध्ये, इतरांच्या संकेतस्थळांवर मजकुरानुसार जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेला मिळाले.

खरी अडचण मात्र अर्थाची नव्हती, भावाची होती. शोधपेटीत ‘डिजिटल कॅमेरा’ लिहिणारा माणूस बहुधा खरेदीच्या वाटेवर असतो. कॅमेऱ्यावरचा लेख वाचणारा माणूस वाचत असतो, इतकेच. सुरुवातीला दोघांच्या क्लिकसाठी जाहिरातदाराची बोली, म्हणजे एका क्लिकसाठी तो देऊ करत असलेली रक्कम, एकच असे. एप्रिल २००४ मध्ये गूगलने पानांवरील क्लिकची किंमत, तिच्यातून विक्री होण्याच्या शक्यतेनुसार कमी करणारी पद्धत आणली. ती समजावताना दिलेले उदाहरण आजही उपयोगी आहे: कॅमेऱ्याच्या परीक्षणाशेजारी मिळालेली क्लिक ही छायाचित्रणाच्या युक्त्या सांगणाऱ्या पानावरच्या क्लिकपेक्षा अधिक मोलाची असू शकते. विषय तोच, पण वाचकाची मनःस्थिती वेगळी. २००५ च्या अखेरीस शोधातल्या जाहिराती आणि मजकुराच्या पानांवरील जाहिराती यांसाठी स्वतंत्र बोली लावण्याची सोय झाली. ‘दोन्हींची मोहीम वेगळी ठेवा’ हा आज घोटून गुळगुळीत झालेला सल्ला त्या काळातला आहे, आणि माझ्या मते आजही सर्वाधिक दुर्लक्षित.

अ‍ॅड ग्रुप, म्हणजे मोहिमेतला जाहिराती आणि त्यांच्यासाठी निवडलेले शब्द (कीवर्ड) यांचा गट, आटोपशीर ठेवण्याच्या नियमाचे मूळही त्याच काळात आहे. पानांवरील जाहिरातींसाठी यंत्रणा प्रत्येक कीवर्ड सुटा जुळवत नसे; ग्रुपमधले सगळे कीवर्ड एकत्र पाहून ती त्यांचा एक विषय ठरवी. तंबू, बूट, रेनकोट आणि टॉर्च एकाच ग्रुपमध्ये कोंबले, तर गिर्यारोहणाऐवजी भलत्याच पानांवर जाहिरात जाण्याचा धोका वाढे.

जाहिरात नेमकी कुठे दिसली हे मात्र जाहिरातदाराला बरीच वर्षे नीट कळत नव्हते. २००७ मध्ये गूगलने संकेतस्थळनिहाय अहवाल खुला केला, आणि पैसे खाऊन काहीही न देणारी पाने वगळणे हे मोहिमेचे नित्याचे काम झाले. ते काम अद्याप संपलेले नाही. अमेरिकेतील जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २१ टक्के जाहिराती केवळ जाहिराती दाखवण्यासाठीच उभारलेल्या संकेतस्थळांवर गेल्याचे आढळले.

२००९ मध्ये गूगलनेही वाचकाच्या आवडीनिवडींवर आधारित जाहिराती सुरू केल्या आणि संदर्भाचा मार्ग काही काळ मागे पडला. मे २०१८ मध्ये युरोपात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी (उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या) पूर्णपणे अडवल्या, आणि पान वाचणाऱ्या जाहिरातीला पुन्हा मागणी आली. नेदरलँड्समधील सार्वजनिक प्रसारणाच्या जाहिराती विकणाऱ्या ‘स्टेर’ने २०२० च्या आरंभी कुकी सोडून दिल्या, तरी पहिल्या महिन्यांत तिचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा वाढले. गूगलच्या क्रोम ब्राउझरने मात्र त्रयस्थ कुकी हटवण्याची २०२० मधील घोषणा वारंवार पुढे ढकलून अखेर गुंडाळली.

सूटकेससारखी फसगत टाळण्यासाठी नको ते शब्द असलेली पाने वगळण्याचा उपाय वापरला जातो; त्याचा अतिरेकही याच काळात दिसला. २०२० मध्ये अनेक जाहिरातदारांनी ‘कोरोना’ हा शब्द असलेली पाने सरसकट वगळली, आणि वाचक सर्वाधिक असतानाच वृत्तपत्रांची जागा ओस पडली.

मराठी पानांपर्यंत ही यंत्रणा उशिरा पोहोचली. अ‍ॅडसेन्समध्ये हिंदीचा समावेश डिसेंबर २०१४ मध्ये झाला, मराठीचा २०१८ मध्ये. मराठीत शब्द विभक्तीप्रमाणे रूप बदलतो; ‘पाऊस’ हा कीवर्ड ‘पावसात’, ‘पावसाचा’ या रूपांशी अक्षरशः जुळत नाही. शिवाय ‘हार’ गळ्यातला आणि सामन्यातलाही. सराफाने तो एकटाच कीवर्ड म्हणून ठेवला, तर क्रिकेटच्या पराभवाशेजारी दागिने दिसण्याची शक्यता उरते. त्याच्या जोडीला ‘ठुशी’, ‘मोहनमाळ’ आणि ‘चपलाहार’ ठेवले, की ग्रुपचा विषय दागिन्यांकडे झुकतो.