प्रथिनांवरची नैसर्गिक निवड जनुकांच्या अक्षरांवरून मोजणे

जनुकांची अक्षरं (डीएनएची ए, टी, जी, सी) शेजारी शेजारी लावून, एखाद्या प्रोटीनवर निवडीचा दाब किती आणि कुठल्या दिशेने आहे हे आकड्यात काढायची ही पद्धत. कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचे शब्द, एकूण 64, त्यातले 61 अमिनो आम्लांचे आणि आम्लं फक्त 20, त्यामुळे जीजीटीचं जीजीसी झालं तरी ग्लायसीनच राहतं, हा मूक बदल. पण एएएचं एसीए झालं की लायसीन जाऊन थ्रिओनीन येतं, आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या पीएफसीआरटी प्रोटीनमधे 76 व्या जागी झालेला हाच बदल क्लोरोक्वीन या औषधाला दाद न देण्याची मुख्य खूण आहे.

मूक बदल निवडीच्या नजरेतून बहुतेक सुटतात, म्हणून त्यांचा दर पाया धरायचा आणि आम्ल बदलणाऱ्यांच्या दराला त्याने भागायचं. हा ओमेगा. नुसते बदल मोजून भागत नाही, आम्ल बदलू शकणाऱ्या जागा मुळातच कितीतरी जास्त असतात, त्यामुळे दर जागेमागे काढावा लागतो (नेई आणि गोजोबोरींची 1986 ची सोपी रीत हेच करते, 1994 पासून वंशवृक्षावरची मॉडेल्स आली).

ओमेगा 1 च्या खाली म्हणजे बिघाड छाटले जातायत, 1 च्या आसपास म्हणजे फारसा दाब नाही, वर गेला तर बदलच फायद्याचा ठरतोय. पण अख्ख्या जनुकाची सरासरी फसवते! 1988 मधे ह्यूज आणि नेईंनी एमएचसी जनुकांत (शरीराला रोगजंतू ओळखायला मदत करणाऱ्या) दाखवलं की रोगजंतूचा तुकडा धरणाऱ्या खोबणीतच आम्लबदल जास्त आहेत, बाकी भागात उलट.

आमच्या गोव्यात 2015 ला सत्तरी तालुक्यात माकडताप हा व्हायरसचा आजार आला, काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना त्याची धास्ती असते, आणि अशा व्हायरसचे एकाच हंगामातले नमुने घेऊन ओमेगा काढला तर तो फुगलेला येऊ शकतो, कारण नुकतेच झालेले वाईट बदल अजून गाळलेच गेलेले नसतात आणि मूक बदल इतके थोडे की भागाकारच डळमळतो. तेवढ्यावरून व्हायरस माणसाला सरावतोय असं छापणं चूक आहे, लोक उगाच घाबरतात.

एकाच जातीतले नमुने हाताशी असतील तर मॅकडोनाल्ड-क्रेटमन चाचणी बरी, ती जातीतले फरक आणि शेजारच्या जातीशी पक्के झालेले फरक वेगळे मोजते. 1991 मधे फळमाशीच्या एडीएच (अल्कोहोल पचवणाऱ्या प्रोटीनच्या) जनुकात जातींमधे 7 आम्लबदल आणि 17 मूक सापडले, जातींच्या आत मात्र 2 आणि 42. फक्त निवडीबाहेरचे बदल असते तर दोन्हीकडचं प्रमाण साधारण सारखं आलं असतं.