नाणेघाटाचा रांजण आणि कल्याणची अडवलेली गलबते

कोकणातल्या वैशाखरे गावाहून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट चढत गेले की शेवटी कातळातली अरुंद नळी लागते. ती संपते तिथे, माथ्यावर, मोठा दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो सगळ्यांना ठाऊक. मालाचे बैल घेऊन वर आलेला व्यापारी त्यात नाणी टाकायचा, असे सांगतात. घाटातल्या गुहेत कोरलेल्या ब्राह्मी लेखात मात्र जकातीचा उल्लेख नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशेब मांडतो. गाई हजारांनी, हत्ती, घोडे, आणि एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. एवढा पैसा कुठून आला ते लेख सांगत नाही. पण तो कोरायला जागा निवडली ती वाटेवरची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल अशी.

कोकणात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे. देशावर जुन्नर, पैठण, तेर या पेठा. मध्ये सह्याद्री. त्यामुळे घाट ज्याच्या ताब्यात, व्यापार त्याचा. बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ले, भाजे, बेडसे, नाणेघाटावर जुन्नर, थळघाट चढून गेले की नाशिक. लेणी नेमकी या वाटांवर दाटीने आहेत आणि त्यांना दान देणाऱ्यांत राजांपेक्षा व्यापारी आणि कारागीर पुष्कळ. कार्ल्याच्या खांबांवर तर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांचीही नावे आहेत.

पलीकडची बाजू एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या त्याच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेवर लेखकाचे नाव नाही, पण माणूस हिशेबी असावा. भरुचला यायचे तर इजिप्तहून जुलैत निघा, असे तो सांगतो. आपले कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्या दिवसांत हे लोक नैर्ऋत्य वारा पाठीशी घेऊन भर समुद्रात शिरायचे आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता इकडे पोचायचे. नर्मदेच्या मुखाशी भरती अशी चढायची की नवख्याचे जहाज गाळात रुतलेच म्हणून समजा. म्हणून राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन समोर जात आणि जहाज ओढत आत आणत.

भरुचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तेर, असे अंतर तो देतो. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे, तेरहून जाडेभरडे कापड आणि मलमल, तीही गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. येणाऱ्या मालात तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि दारू. दारूत इटलीची पहिल्या पसंतीची. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती याच व्यापाराच्या वाटेने आली.

पण पैठण-तेरचा माल गाडीत घालून २०-३० दिवस भरुचपर्यंत न्यायचा कशाला? कल्याण कितीतरी जवळ. उत्तर त्याच पुस्तिकेत आहे. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती. सत्ता बदलल्यावर बंदर अडवले गेले आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. भरुच क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याच्याकडे होते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या लढायांकडे आपण राजघराण्यांचे वैर म्हणून पाहतो. मला ती बरीचशी बंदरांची भांडणे वाटतात.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात जे कोरून ठेवले ते वाचताना तर बँकेचे पासबुक हातात घेतल्यासारखे वाटते. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० वर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख. उरलेल्या १,००० वर दर महिना शेकडा पाऊण. दुसऱ्या दानलेखात त्याने भरुच, सोपारा, गोवर्धन इथे धर्मशाळा बांधल्याचे आणि तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर नावेने फुकट उतार दिल्याचे म्हटले आहे. पुण्य तर खरेच, पण वाट चालू राहिली की जकातही चालू राहते.

नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने हरवले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. नाणी वितळवलीसुद्धा नाहीत. काहींवर दोन्ही ठसे एकमेकांवर चढलेले दिसतात.

कल्याणही पुन्हा चालते झाले. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी येतात, आणि कल्याणच्या एका सोनाराने खोदवलेले पाण्याचे टाकेही.