झाडपाल्याचं औषध कातडीत जातं तरी किती?

हळदीतलं कर्क्युमिन म्हटलं की सूज कमी करणारं, जंतू मारणारं, सोरायसिस या खपल्या धरणाऱ्या त्वचारोगावर चालणारं अशी लांबलचक यादी समोर येते आणि खरं सांगायचं तर प्रयोगशाळेत पेशींवर टाकलं की त्यातलं बरंचसं दिसतंही. पण तिथे पेशी उघड्या असतात हो, औषध थेट त्यांच्या अंगावर पडतं. माणसाच्या कातडीचं तसं नाही. हळद लावल्यावर जो पिवळेपणा दिसतो त्यावरून वाटतं की चांगली आत मुरली, प्रत्यक्षात तो रंग बहुतेक सगळा वरच्या मेलेल्या थरातच बसलेला असतो, आणि खरा आजार त्याच्या खाली चाललेला असतो.

हा मेलेला थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम. जाडी किती, तर शरीराच्या बऱ्याच भागावर १० ते २० मायक्रॉन, म्हणजे कागदाहूनही पातळ, पण अडवण्यात एकदम पक्का. विटा रचून मध्ये चुना भरावा तशी रचना, विटा म्हणजे चपट्या मेलेल्या पेशी आणि चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड्स. औषधाला मुख्यतः या चरबीतून वाट काढत जावं लागतं, त्यामुळे नुसतं पाण्यात विरघळणारं असेल तर ते दारातच अडतं. आणि नुसतं तेलकट असेल तर चरबीत शिरतं पण पुढे ओलसर जिवंत थर लागतो तिथे उतरायला तयार नसतं. दोन्हीकडे थोडं थोडं जमेल असं रेणू हवं, आणि लहानही हवं. २००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी मांडलेला ५०० डाल्टनचा नियम या क्षेत्रात सगळेच वापरतात, डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक, रेणूचं वजन त्याच्या वर गेलं की धडधाकट कातडीतून जाणं फार कठीण होत जातं.

आता वनस्पतींचे रेणू या मापाने बघा. सॅलिसिलिक अ‍ॅसिड १३८, आरामात जातं. कर्क्युमिन ३६८, म्हणजे वजनाला पास, पण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि उजेडात खराब होतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी ४५८, काठावर. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मात्र ८२० च्या वर, कारण त्याला साखरेसारखे दोन तुकडे चिकटलेले असतात. वनस्पतींमध्ये हा प्रकार खूप, त्या आपले रेणू साखर लावून साठवतात, त्याने ते मोठेही होतात आणि पाण्याकडे ओढलेही जातात. ते तुकडे काढून टाकले की ४७० चं ग्लिसिरेटिनिक अ‍ॅसिड उरतं आणि क्रीममध्ये तेच जास्त कामाचं. म्हणून डब्यावर नुसतं झाडाचं नाव असेल तर मला तरी त्यातून काहीच कळत नाही.

अजून एक गोंधळ नेहमी होतो, कातडीतून आरपार जाणं आणि कातडीत जाऊन थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत मिळणारं स्कोपोलामिन कानामागे पट्टी लावून देतात, प्रवासात मळमळू नये म्हणून, १९७९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ही पहिली ट्रान्सडर्मल, म्हणजे कातडीतून रक्तात औषध पोचवणारी, पट्टी. तिथे औषध रक्तात जायलाच हवं. सोरायसिस किंवा एक्झिमात उलटं, औषध कातडीच्या वरच्या थरात (एपिडर्मिस) नाहीतर त्याखालच्या थरात (डर्मिस) रेंगाळलं पाहिजे, रक्तात गेलं तर उगाच वाया आणि वर साइड इफेक्ट.

हे मोजायला फ्रान्झ सेल नावाचं काचेचं साधं उपकरण असतं. दोन कप्पे, मध्ये कातडीचा तुकडा ताणून बसवायचा, बहुतेक वेळा डुकराच्या कानाची कारण ती माणसाच्या कातडीच्या बरीच जवळ जाते, वर क्रीम लावायचं, खाली द्रव फिरत ठेवायचा आणि कातडीचा पृष्ठभाग ३२ अंशांवर राहील असं बघायचं. ठराविक वेळाने खालचा द्रव काढून तपासायचा. शेवटी चिकटपट्टी लावून वरचा मेलेला थर एकेक करून ओढून काढतात आणि उरलेल्या कातडीत किती औषध आहे ते मोजतात, आणि इथेच पुष्कळ आशादायक अर्कांची हवा निघते.

मग उपाय काय? चरबीच्या सूक्ष्म पिशव्या म्हणजे लायपोसोम, त्यात अल्कोहोल वाढवून केलेले मऊ एथोसोम, तेल-पाण्याचं अतिसूक्ष्म थेंबांचं मिश्रण म्हणजे नॅनोइमल्शन, वरच्या थराला बारीक भोकं पाडणाऱ्या मायक्रोनीडल. मेन्थॉल, लिमोनिनसारखे सुगंधी टर्पिनही चरबीची रचना थोडी सैल करतात, म्हणजे एक वनस्पती दुसरीला दार उघडून देते. यावर पेपर ढिगाने निघतात, बाजारात येणारी औषधं मात्र मोजकी, कारण ते टिकायला हवं, प्रत्येक बॅच सारखी निघायला हवी, आणि अर्कात तर पीक बदललं की प्रमाण बदलतं.

जी पोचली ती बघण्यासारखी आहेत. ब्राझीलच्या एका झाडाची पूड पोर्तुगीज व्यापारातून फिरत गोवा पावडर म्हणून ओळखली गेली, १८७० च्या दशकात ती सोरायसिसवर वापरात आली, तिच्यातल्या क्रायसारोबिनवरून १९१६ मध्ये डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचं औषध बनलं. ग्रीन टीच्या कॅटेचिन्सचं, म्हणजे ईजीसीजी आणि त्याच्या भावंडांचं, मलम २००६ मध्ये अमेरिकेत गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी मंजूर झालं, तिथली कातडी मुळातच जास्त शोषणारी. आणि बर्चच्या सालीच्या अर्काचं सूर्यफूल तेलातलं जेल, युरोपात २०२२ आणि अमेरिकेत २०२३ मध्ये, एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजे जरा घासलं तरी कातडीला फोड येतात तो जन्मजात आजार, त्याच्या जखमांसाठी. हे रेणू प्रचंड तेलकट, शाबूत कातडीत त्यांचं अवघडच होतं, पण उघड्या जखमेवर तो मेलेला थरच नसतो ना.

पण तीच गोष्ट दुसरीकडून त्रास देते. एक्झिमाची कातडी आधीच गळकी, तिच्यातून औषधासोबत अ‍ॅलर्जी आणणारे रेणूही आत शिरतात. टी ट्री ऑइल हवेत उघडं राहून जुनं झालं की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि मग ते जास्त पुरळ आणतं. लिंबाच्या कुळातल्या सालींतले सोरॅलिन नावाचे रेणू अंगाला लागून वर ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग राहतात. याच सोरॅलिनचं मोजून मापून यूव्हीए या अतिनील किरणांबरोबर सोरायसिसवरचं औषध झालं, १९७४ पासून पुवा म्हणतात ते. जागेचंही भान ठेवावं लागतं, १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सूज कमी करणारं स्टिरॉइड वेगवेगळ्या ठिकाणी लावून मोजलं तेव्हा कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळावर सुमारे ६ पट, जबड्यावर १३ पट, वृषणाच्या पिशवीवर ४२ पट शोषलं गेलं आणि तळपायावर हाताच्या जेमतेम सातवा हिस्सा. वनस्पतीचं मलम असलं तरी हा फरक काही मिटत नाही, हातावर निभावलेलं मलम चेहऱ्यावर जड पडू शकतं.