मोठेपणी कार्टून बघणं म्हणजे पोरकटपणा?

"एवढा घोडा झालास, अजून कार्टून बघतोस?" हा टोमणा नवा नाही. जुन्यात रमणं म्हणजे मनाचं दुखणं, हा समज तर त्याहून जुना. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने घरच्या ओढीला चक्क आजार ठरवलं होतं! साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांना मात्र उलटंच आढळलं: जुन्या आठवणींनी आपल्याला माणसांचा आधार आहे, ही जाणीव वाढते.

शिवाय पाहिलेल्या मालिकेत पुढे काय होणार हे ठाऊक असतं. दमलेल्या डोक्याला नवी पात्रं लक्षात ठेवावी लागत नाहीत. शीर्षकगीत सुरू झालं की पुढची ओळ आपसूक ओठांवर येते.

ताणाचं मूळ यानं हटत नाही, हेही खरं. आणि रात्रभर भाग बघत बसलात, तर सकाळी चिडचिड ठरलेलीच.