ओव्हनच्या दारातली जाळी आणि खोडदची तबकडी

सध्या एक व्हिडिओ फिरतो आहे. बंद मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मोबाइल ठेवायचा, दार लावायचं आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायची. आतला फोन वाजला की निवेदक गंभीर आवाजात सांगतो, "बघा, तुमच्या ओव्हनमधून रेडिएशन गळतंय!" फोन वाजतो हे खरं आहे, मी करून पाहिलं. निष्कर्ष मात्र साफ चूक आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. रेडिएशनला मराठीत सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हटलं जातं आणि ओव्हन थेट अणुभट्टीच्या पंगतीला जाऊन बसतो. इथे योग्य शब्द 'प्रारण'. रेडिओ तरंग, सूक्ष्मतरंग (म्हणजेच ओव्हनमधले मायक्रोवेव्ह), अवरक्त, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण हे सगळे एकाच विद्युतचुंबकीय घराण्यातले. निर्वात पोकळीत सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फरक तरंगलांबीचा, आणि म्हणून एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रारणाच्या सुट्या पुडक्याच्या, ऊर्जेचा. ओव्हनमधल्या फोटॉनपेक्षा साध्या हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा दोन लाख पटींहून जास्त असते. रेणूंमधले इलेक्ट्रॉन उखडून काढायला याहूनही जास्त ऊर्जा लागते. ते काम तीव्र अतिनीलपासून पुढच्या किरणांचं. ओव्हन पाण्याचे रेणू हलवून अन्न तापवतो, एवढंच.

आता दाराकडे वळू. काचेच्या आत बारीक भोकांचा पत्रा असतो. भोकं साधारण दीड मिलिमीटरची. आतलं फिरतं ताट त्यातून स्वच्छ दिसतं, म्हणजे प्रकाश आरपार येतो. १२ सेंटिमीटर लांबीचे सूक्ष्मतरंग मात्र आतच राहतात. समजावताना चाळणीची उपमा देतात: पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. मला ती पटत नाही. तरंगलांबी म्हणजे तरंगाची जाडी नव्हे. ती मोजतात तरंग पुढे सरकतो त्या दिशेने, एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत. लांबलचक दोरा सुईच्या नेढ्यातून जातोच की! मग हा तरंग का जाऊ नये?

उत्तर धातूच्या इलेक्ट्रॉनांत आहे. तरंगाचं विद्युत क्षेत्र पत्र्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना सेकंदाला २४५ कोटी वेळा पुढे-मागे हलवतं. असा हलणारा विद्युतभार स्वतःच तरंग सोडतो. या नव्या तरंगाची पुढे जाणारी बाजू मूळ तरंगाला खोडून काढते, आणि मागे येणाऱ्या बाजूला आपण परावर्तन म्हणतो. आता पत्र्याला भोक पाडा. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तसा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह भोकाला वळसा घालतो. भोकाच्या एका काठाची खबर दुसऱ्या काठाला प्रकाशाच्या वेगाने पोचते. दीड मिलिमीटर ओलांडायला सूक्ष्मतरंगाच्या एका हेलकाव्याचा जेमतेम ऐंशीवा हिस्सा लागतो. त्यामुळे काठांवरचे विद्युतभार प्रत्येक हेलकाव्याबरोबर जागा बदलत राहतात आणि खोडण्याचं काम भोक नसल्यासारखंच चालू राहतं. प्रकाशाचे तेवढ्याच वेळात तीन हजार हेलकावे होऊन जातात. भोकाच्या मध्यातून निघालेल्या प्रकाशाला काठाचा पत्ताही लागत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं. पातळ पत्र्यातल्या अशा लहान भोकाच्या दर चौरस मिलिमीटरमागे पार होणारी ऊर्जा व्यास आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. व्यास निम्मा करा, दर चौरस मिलिमीटरमागची गळती सोळावा हिस्सा उरते.

चाळणीची उपमा मोडते ती फटीपाशी. एक मिलिमीटर रुंद पण सहा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, लांब अशी फट घ्या. प्रवाह तिला आडवा येत असेल तर त्याचा वळसा इतका लांबतो की फटच उत्तम अँटेना बनते! म्हणून ओव्हनची खरी जोखमीची जागा जाळी नव्हे, दाराची कड. तिथे पाव तरंगलांबीएवढ्या, सुमारे तीन सेंटिमीटरच्या हिशेबाने खोबण केलेली असते. तिच्या तळावर आपटून परतलेला तरंग बाहेर निसटू पाहणाऱ्या तरंगाला रोखतो. दार वाकलं असेल, बिजागरी सैल झाली असेल, तर मात्र ओव्हन वापरू नका.

ही खोबण १२ सेंटिमीटरच्या तरंगासाठीच बेतलेली असते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइलचा तरंग ३३ सेंटिमीटरचा. त्याला ती तशी अडवू शकत नाही. शिवाय वाजायला फोनला एक अब्जांश वॅटहूनही कमी शक्ती पुरते. हजारो पटींनी क्षीण झालेला संदेशही तो ऐकतो. ओव्हनच्या गळतीची मर्यादा वेगळ्याच मापाची आहे: पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट. फोन वाजण्यावरून ती तपासताच येत नाही. मोबाइलला चिकटवायच्या 'रेडिएशन शोषणाऱ्या' चकत्यांवरही पैसे घालवू नका. चकतीने तरंग खरोखर अडवले, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन आपली शक्ती उलट वाढवेल.

धातूतल्या याच इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर नारायणगावजवळ खोडदला अवकाशातले रेडिओ तरंग टिपणारी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पसारा २५ किलोमीटरपर्यंत. एवढी तबकडी सलग पत्र्याची केली तर वाऱ्यात शिडासारखी फुगेल आणि तिला तोलायला अवाढव्य सांगाडा लागेल. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली. चौकोन मध्यभागी १० मिलिमीटरचे, कडेला २० मिलिमीटरचे. हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा तरंग असो की त्याहून लांब मीटरभराचे, जाळी त्यांच्यासाठी आरसाच. वारा मात्र निघून जातो.

अशा दुर्बिणींना ओव्हन चकवतोही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर अधूनमधून टिपले जाणारे विचित्र स्पंद अनेक वर्षं कोडं बनून राहिले होते. २०१५ मध्ये छडा लागला. लावलेली वेळ संपायच्या आतच कुणीतरी ओव्हनचं दार उघडत होतं, आणि मॅग्नेट्रॉन, म्हणजे ओव्हनमधली सूक्ष्मतरंग तयार करणारी नळी, विझता विझता त्या क्षणी १.४ गिगाहर्ट्झचा झटका बाहेर पडत होता.