सरासरीत न दिसणारा गगनबावडा

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या विचारली की २०११ च्या जनगणनेचा आकडा पुढं येतो, ३८ लाख ७६ हजार. क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किमी, भागाकार केला की चौरस किमीला ५०४ माणसं. स्पर्धा परीक्षेची पोरं हे पाठ करतात आणि ते बरोबरच आहे, फक्त एवढ्यावर थांबलं तर जिल्हा कळत नाही.

कारण बघा, तालुके १२, त्यात एकट्या हातकणंगलेत ८ लाखांवर माणसं, इचलकरंजीचे यंत्रमाग तिथंच आहेत ना, आणि गगनबावड्यात ३६ हजारसुद्धा नाहीत. म्हणजे एकीकडं चौरस किमीला तेराशेच्या आसपास, दुसरीकडं जेमतेम सव्वाशे. करवीर १० लाखांच्या पुढं, पण त्यातले निम्म्याहून जास्त कोल्हापूर शहरातले.

हे सगळं जमीन-पाण्याचं काम आहे. गगनबावड्याला धो धो पाऊस, वर्षाला पाच-सहा हजार मिमी, पण सह्याद्रीच्या उतारावर पाणी थांबत नाही, सपाट रान कमी, जंगल जास्त, मग वस्तीपण वाड्या नि धनगरवाड्यांत विखुरलेली. पूर्वेला शिरोळकडं पाऊस याच्या दहाव्या हिश्शाएवढा, तरी पंचगंगा-कृष्णेच्या काठची काळी माती आणि नदीचं पाणी आहे, त्यामुळं ऊस, साखर कारखाने आणि एकाला एक लागून मोठी गावं.

मग ३६ हजार माणसांना वेगळा तालुका कशाला, असं काही जण विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. दाखल्यासाठी माणसाला किती लांब जावं लागतं, पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, हेपण बघायलाच पाहिजे, नुसती डोकी मोजून कसं चालेल? आणि या हद्दी काही कायमच्या नसतात, चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला.

ग्रामीण म्हणजे काय याचाही घोळ समजून घ्या. जिल्ह्यातले साधारण ६८ टक्के लोक गावात राहतात, तीनातले दोन. पण जनगणनेवाले नगरपालिका नसलेल्या गावालासुद्धा शहर धरतात, लोकसंख्या किमान ५ हजार, घनता चौरस किमीला ४०० आणि ७५ टक्के कमावते पुरुष शेतीबाहेरच्या कामात असले की झालं. करवीरमधलं गांधीनगर असंच, कारभार ग्रामपंचायतीचा आणि जनगणनेत नोंद शहराची.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते म्हणजे कोण कुठं मोजला जातो. २०११ ला मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, नियम असा की या काळात जो एकदाही घरी नव्हता तो जिथं असेल तिथं मोजायचा. आता फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, बीडकडची ऊसतोड कुटुंबं इकडच्या उसाच्या फडात खोप्या टाकून असतात, मग ती धरली जातात कोल्हापूरच्या आकड्यात. आणि गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडची कितीतरी कर्ती माणसं मुंबई-पुण्यात कामाला, ती तिकडंच मोजली जातात. त्यामुळं डोंगराकडच्या एखाद्या वाडीचा आकडा वाचताना लक्षात ठेवा, गणपतीला ती वाडी किती भरते हे त्यात धरलेलं नसतं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे तेव्हापण ऊसतोड चालूच असणार.