नव्या कोर्सवर पहिल्यांदा खेळायला जाताना

बेळगावच्या गोल्फरला एक सोय आहे. चोर्ला घाट उतरलं की गोवा, हायवेनं उत्तरेला पुणे, दक्षिणेला बंगळूर. पण हवा, माती आणि गवत तिन्हीकडे वेगळं. आमच्यासोबत बाहेरगावी खेळायला येणाऱ्यांची पहिल्या दिवशी निराशा होते ती बहुधा यामुळेच. स्विंग बिघडलेला नसतो, जागा बदललेली असते. म्हणून निघण्याआधी हे पत्रक निवांत वाचा.

अंतराचा हिशेब

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. इथली हवा थोडी विरळ, त्यामुळे चेंडू थोडा लांब जातो. इथे दीडशे यार्ड जाणारा फटका गोव्यात किनाऱ्यालगत चार-पाच यार्ड अलीकडे पडतो. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढ्यात बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर तेवढ्यानंही चेंडू वाळूत जातो. दोन क्लबांमध्ये (चेंडू मारायच्या काठ्यांमध्ये) मन अडकलं तर गोव्यात मोठा, म्हणजे लांब मारणारा क्लब घ्या. बंगळूर आपल्याहून उंच आहे, तिथे उलट करा.

जमिनीचंही तसंच. खानापूरकडची तांबडी माती मार्च-एप्रिलमध्ये फरशीसारखी होते. चेंडू टप्पा घेऊन वीस-तीस यार्ड पळतो आणि थेट ग्रीनवर टाकलेला चेंडू ग्रीन ओलांडून मागे निघून जातो. अशा वेळी ग्रीनच्या अलीकडे टाकून तो घरंगळू द्यावा. अथणी, गोकाकच्या बाजूची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वळवाच्या एका सरीनं चिकट होते. मऊ जमिनीत चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला तर बंकर आणि पेनल्टी एरिया (तळं, ओढा अशी दंडाची जागा) सोडून इतरत्र दंडाशिवाय उचलून ड्रॉप करता येतो. हा नियम माहीत नसल्यानं विनाकारण फटके गमावणारे आम्ही दर पावसाळ्यात पाहतो.

ग्रीन वाचताना

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर हरळीच्या सुधारित जाती असतात. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. हरळीचं पातं एका दिशेला कलतं आणि चेंडूला तिकडे ओढतं. तुमच्या जागेवरून गवत चकचकीत दिसलं तर पातं तुमच्यापासून दूर झुकलेलं आहे, पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवणारा फटका) जोरात पळेल. गडद, निस्तेज दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं आहे, पट हळू जाईल, हात थोडा मोकळा सोडा. होलची कडाही पाहा. एक बाजू स्वच्छ कापलेली आणि दुसरी विस्कटलेली, वाळकी दिसली तर पातं विस्कटलेल्या बाजूकडे कललेलं असतं. सकाळी पहिल्या टीवर जाण्याआधी प्रॅक्टिस ग्रीनवर निदान पंधरा मिनिटं घालवा. ड्रायव्हिंग रेंजवर वेळ नाही मिळाला तरी चालेल, हे मात्र चुकवू नका.

पाणी कमी असलेल्या भागातल्या काही जुन्या कोर्सवर ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’ असतं, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. तिथे चेंडू जवळपास सरळ जातो. आपला पट झाला की पायाचे ठसे सारखे करून पुढच्याला जागा द्यायची, हा तिथला शिरस्ता.

कार्डावरचे आकडे

हँडिकॅप, म्हणजे तुम्हाला मिळणारे सवलतीचे फटके, सगळीकडे तोच धरू नका. स्कोअरकार्डावर ‘स्लोप’, म्हणजे कोर्स किती अवघड आहे याचा आकडा, लिहिलेला असतो. तो 55 ते 155 असतो आणि 113 सरासरी मानतात. तुमचा हँडिकॅप इंडेक्स (तुमच्या खेळावरून ठरलेला मूळ आकडा) 18 असेल आणि स्लोप 130, तर 18 गुणिले 130 भागिले 113, म्हणजे सुमारे 21 फटके मिळतात. स्लोप 105 असेल तर 17. यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे अंदाजे फटके) आणि पार (कोर्ससाठी ठरवलेले फटके) यांमधला फरक मिळवायचा असतो. तो कोर्सवरच्या तक्त्यात आयता मिळतो.

कार्डाची मागची बाजू जरूर वाचा, स्थानिक नियम तिथेच असतात. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे हद्द संपते. लाल आणि पिवळ्या खुंट्या पेनल्टी एरियाच्या. चेंडू शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत. म्हणून शंका आली की जागा सोडण्यापूर्वीच सांगून प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा, चेंडू मारा.

कॅडी

या पत्रकातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: नव्या कोर्सवर कॅडीचं, म्हणजे तुमची बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याचं, ऐका. कुठल्या होलवर दुपारी वारा फिरतो, कुठला उतार दिसत नाही पण आहे, हे त्याला ठाऊक असतं. वयानं मोठा असेल तर मामा म्हणा, कन्नड भागात अण्णा. सुरुवातीलाच आपली सेव्हन आयर्न (सात नंबरचा लोखंडी क्लब) किती लांब जाते ते खरं सांगा. फुगवून सांगितलं तर तो चुकीचा क्लब देईल आणि दोष त्याच्यावर येईल. आमच्या गटांत हे घडलेलं आहे, आणि वाईट वाटतं.

निघण्यापूर्वी

कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको, शूजना मऊ स्पाइक हवेत. लष्करी हद्दीतल्या कोर्सवर ओळखपत्र पाहतात, मूळ प्रतच घ्या. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब नकोत. गोव्याच्या घामट हवेत झिजलेली ग्रिप (क्लबच्या मुठीवरचं आवरण) हातातून फिरते, तेव्हा ग्रिप बदलायची असेल तर क्लब निघण्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी आमच्या दुकानात आणून द्या. गोंद रात्रभर सुकावा लागतो, आणि नव्या ग्रिपची सवय हाताला इथेच, आपल्या कोर्सवर, झालेली बरी.